पावसाळ्याचा धंदा आधी फाशावर खेळा : कागदावरच्या फुटबॉल लीगमधून शिकायचं काय?



मे महिना उजाडला की शहापूर-मुरबाडकडून एक प्रश्न हमखास येतो. "पावसाळ्यात माळशेजच्या रस्त्याला, नाहीतर माहुलीच्या पायथ्याशी स्टॉल टाकायचाय. चाळीस हजार जमवलेत. टाकू का?"

या प्रश्नाला "टाका" किंवा "नका टाकू" असं उत्तर कोणी देत असेल तर त्याच्यापासून जरा लांबच राहा. तुमची जागा, तुमचं गिऱ्हाईक, तुमचा पाऊस त्याला माहीत नाही. माझं उत्तर एकच असतं : आधी अख्खा सीझन कागदावर खेळून बघा. एक वही, एक पेन आणि लुडोतला एक फासा लागतो. वेळ लागतो अर्धा तास.

ही पद्धत मी शोधलेली नाही. अमेरिकेत लोक गेली साठ-पासष्ट वर्षं अशा कागदावरच्या लीग खेळतायत. मुंबईत त्याच कल्पनेवर हजारो कोटींची कंपनी उभी राहिली आणि २०२५ साली तिच्या मुख्य धंद्याला एका आठवड्यात कुलूपही लागलं. व्हिडिओत हा भाग घाईत झाला होता, म्हणून इथे नीट आकड्यांसकट लिहितोय.

कागदावरची लीग म्हणजे काय?

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचं किंवा फेकायचं, आणि समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवायचं. पोचला की 'टचडाउन', सहा गुण. तिथली मोठी लीग म्हणजे एनएफएल. ३२ संघ आहेत. २०२१ पासून प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ सामने खेळतो आणि एक आठवडा सुट्टी घेतो. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे आपल्या पावसाळ्याला लागणार आहेत.

या खेळाच्या कागदी लीग दोन प्रकारच्या.

पहिली, फँटसी लीग. खेळाडू खरे, सामने खरे, पण संघ तुम्ही मनाने निवडलेला. मैदानात तुमच्या खेळाडूने जे केलं त्याचे गुण तुमच्या वहीत.

दुसरी, सिम्युलेशन लीग. इथे सामनासुद्धा खरा नसतो. खेळाडूचं कार्ड असतं, फासे टाकायचे आणि कार्डावर बघायचं काय झालं. हॅल रिचमन यांचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हा असा बेसबॉलचा खेळ १९६१ साली बाजारात आला, आणि १९६८ साली त्याचा फुटबॉलचा अवतार आला. आज हेच काम 'मॅडन' या व्हिडिओ गेममध्ये होतं. बटण दाबलं की अख्खा सीझन काही मिनिटांत खेळून निकाल समोर.

यात गंमत कुठे आहे ते बघा. शंभर सीझन खेळा, हरा, बुडा. खिशातला एक रुपया जात नाही, पण कुठे बुडतो ते कळतं. आपल्याला नेमकं तेच हवंय.

तीन जुन्या सीझनचे हायलाइट आणि त्यांचा हिशोब

हायलाइट म्हणजे सीझनमधले लक्षात राहणारे क्षण. धंद्यातही आपण हायलाइटच ऐकतो. "त्या रविवारी दुपारपर्यंत सगळा माल संपला!" उरलेले सोळा रविवार कोणी सांगत नाही. म्हणून प्रत्येक हायलाइटच्या मागचा हिशोब बघायची सवय लावून घ्या.

*हायलाइट १ : पहिल्या निवडीचा खेळाडू.* १९६२ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे व्यावसायिक बिल विंकेनबाक यांनी, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात दोन सोबत्यांबरोबर बसून फँटसी फुटबॉलचे नियम लिहिले. ओकलंड रेडर्स या संघात त्यांची भागीदारी होती आणि संघ तेव्हा दौऱ्यावर होता. १९६३ साली आठ मालकांची पहिली लीग सुरू झाली. पहिल्या निवडीत पहिलं नाव घेतलं गेलं जॉर्ज ब्लांडा यांचं.

का घेतलं? १९६१ च्या सीझनमध्ये त्यांच्या ३६ फेकींवर टचडाउन झाले होते. वर ते पायाने गोल मारायचेही. एकच माणूस दोन खात्यांत गुण मिळवणार! पण त्याच ब्लांडांच्या ४२ फेकी १९६२ साली समोरच्या संघाने हवेतच झेलल्या. एका सीझनमधला तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. ३६ आणि ४२ हे आकडे एकाच माणसाचे आहेत. यातला कुठला आकडा मोजायचा हे तुमची वही ठरवते. तुमच्या वहीत फक्त विक्री लिहिलेली असेल तर तुम्ही ३६ बघताय. वाया गेलेला माल, परत आलेली उधारी, फुकट गेलेला रोज, हे ४२ लिहिलेलेच नाहीत.

*हायलाइट २ : किंग्ज एक्स.* त्या पहिल्या लीगमधले एक खेळाडू अँडी मुसलिमास यांचा ओकलंडमध्ये 'किंग्ज एक्स' नावाचा बार होता. १९६९ साली त्यांनी ही लीग आपल्या गिऱ्हाइकांसाठी सुरू केली. आठ मित्रांपुरता असलेला खेळ असा सामान्य लोकांपर्यंत आला. छोट्या दुकानदाराने यातून एक गोष्ट उचलायची. गल्ल्यात पैसे येणार ते खाण्यापिण्याचे, आणि लीग म्हणजे गिऱ्हाइकाने दर आठवड्याला परत यावं याचं कारण. तुमच्या स्टॉलवर परत यायचं कारण काय आहे? भजी तर पुढच्या वळणावरही मिळतात.

*हायलाइट ३ : मुंबईची ड्रीम११.* हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ साली, म्हणजे आयपीएलच्या पहिल्याच वर्षी, ही कंपनी सुरू केली. पहिला डाव असा होता : अख्ख्या सीझनसाठी एक संघ, खेळ फुकट, कमाई जाहिरातींची. तो डाव चालला नाही. २०१२ साली त्यांनी नियम बदलले. सीझनऐवजी एका सामन्याचा खेळ, आणि प्रवेश फी. तिथून गाडी लागली. २०१९ साली कंपनीचं मूल्य एक अब्ज डॉलरच्या वर गेलं. २०२० साली आयपीएलचं मुख्य प्रायोजकपद २२२ कोटींना घेतलं. २०२३ साली भारतीय संघाच्या जर्सीवर नाव आलं, तीन वर्षांचा करार ३५८ कोटींचा.

मग ऑगस्ट २०२५. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारं विधेयक २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झालं आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. जर्सीवरचं नावही करार संपायच्या आधीच गेलं.

इथे कायदा बरोबर की चूक हा आपला विषय नाही. पैसे लावून खेळताना घरं बुडाल्याचं आपण गावागावात ऐकलंय, त्यामुळे हे स्पष्ट सांगतो : आपण आज जी लीग खेळणार आहोत त्यात एक पैसाही लावायचा नाही. विषय वेगळा आहे. जवळजवळ सगळी कमाई एकाच दरवाजातून येत असेल, तर तो दरवाजा बंद व्हायला तीन दिवस पुरतात. इतक्या मोठ्या कंपनीलाही पुरले. माळशेजच्या स्टॉलचा दरवाजा तर एका आदेशाने बंद होतो. धबधब्यांवर गर्दी वाढली, दरड कोसळली, की प्रशासन पर्यटकांना बंदी घालतं. हे दर पावसाळ्यात आपण बघतो. तेव्हा हा आठवडा आपल्या फाशावर असायलाच पाहिजे.

आता आपली लीग मांडू

उदाहरण घेऊ टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या रस्त्यालगतच्या स्टॉलचं. चहा, वडापाव, कांदाभजी, भाजलेलं कणीस. फक्त शनिवार-रविवार. जून ते सप्टेंबर म्हणजे साधारण १७ आठवडे, एनएफएलमधल्या एका संघाच्या सामन्यांइतकेच! खालचे आकडे समजावण्यापुरते आहेत. तुमच्या जागेवर तुमचे आकडे भरा.

*पायरी १ : मर्यादा ठरवा.* एनएफएलमध्ये १९९४ पासून खेळाडूंच्या पगारावर मर्यादा आहे. मालक कितीही श्रीमंत असो, त्यापलीकडे खर्च करता येत नाही. आपली मर्यादा ४०,००० रुपये. मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५०,००० पर्यंत मिळतं, म्हणून ५०,००० च खर्च करायचे असं नाही.

- शेड आणि गाडी : १५,०००
- शेगडी, कढई, भांडी : ९,०००
- ताडपत्री, खुर्च्या : ४,०००
- पहिला माल : ४,०००
- राखीव : ८,०००

राखीव रकमेला मोबाइल घेण्यासाठी, लग्नाच्या आहेरासाठी हात लावायचा नाही. ती का ठेवली ते थोड्या वेळात दिसेल.

*पायरी २ : गुणपद्धत आधी लिहा.* सीझन सुरू झाल्यावर नियम बदलले की खेळ खोटा होतो. एक गिऱ्हाईक सरासरी ६० रुपयांचं खातं असं धरू. त्यात कच्चा माल २७ रुपये. हातात राहिले ३३.

आठवड्याचा ठरलेला खर्च : मदतीला एक माणूस, दोन दिवस, ५०० रुपये रोज म्हणजे १,०००. गॅस आणि टेम्पो ९००. जागेचं भाडं ६००. एकूण २,५००.

२,५०० भागिले ३३, म्हणजे ७६ गिऱ्हाइकं. दोन दिवसांत ७६ माणसं आली तर ना नफा ना तोटा. हा आकडा शेडच्या खांबावर खडूने लिहून ठेवा.

*पायरी ३ : फाशाच्या सहा बाजूंना नावं द्या.*

- १ पडला : शनिवारी सकाळी बंदीचा आदेश, घाट बंद. गिऱ्हाईक शून्य. एक रोज ५००, भाडं ६००, वाया गेलेला माल ८००. तोटा १,९००.
- २ पडला : धो धो पाऊस, ५० गिऱ्हाइकं. तोटा ८५०.
- ३ किंवा ४ पडला : नेहमीचा आठवडा, १०० गिऱ्हाइकं. नफा ८००.
- ५ पडला : चांगला आठवडा, १६० गिऱ्हाइकं. नफा २,७८०.
- ६ पडला : तुफान गर्दी, २६० गिऱ्हाइकं. एक माणूस जास्त लागला, त्याचे १,००० वजा. नफा ५,०८०.

*पायरी ४ : सुट्टीचे आठवडे आधीच काढून ठेवा.* आपल्याकडे भाताची लावणी आहे. त्या आठवड्यात घरचं कोणी स्टॉलवर येणार नाही, आणि मदतनीसही स्वतःच्या शेतात असेल. दुसरा आठवडा गणपतीचा. दोन्ही आठवडे फासा टाकायचा नाही, फक्त भाडं ६०० वजा.

चला, खेळूया

फासे असे पडले असं धरू. कंसात त्या आठवड्याअखेरची एकूण बाकी.

आठवडा १ : ३ पडला, नफा ८०० (८००)
आठवडा २ : २ पडला, तोटा ८५० (उणे ५०)
आठवडा ३ : १ पडला, तोटा १,९०० (उणे १,९५०)
आठवडा ४ : ४ पडला, नफा ८०० (उणे १,१५०)
आठवडा ५ : १ पडला, तोटा १,९०० (उणे ३,०५०)
आठवडा ६ : लावणी, भाडं ६०० (उणे ३,६५०)
आठवडा ७ : २ पडला, तोटा ८५० (उणे ४,५००)
आठवडा ८ : ६ पडला, नफा ५,०८० (५८०)
आठवडा ९ : ५ पडला, नफा २,७८० (३,३६०)
आठवडा १० : ६ पडला, नफा ५,०८० (८,४४०)
आठवडा ११ : १ पडला, तोटा १,९०० (६,५४०)
आठवडा १२ : ३ पडला, नफा ८०० (७,३४०)
आठवडा १३ : गणपती, भाडं ६०० (६,७४०)
आठवडा १४ : ५ पडला, नफा २,७८० (९,५२०)
आठवडा १५ : ४ पडला, नफा ८०० (१०,३२०)
आठवडा १६ : २ पडला, तोटा ८५० (९,४७०)
आठवडा १७ : ५ पडला, नफा २,७८० (१२,२५०)

सीझनचा शेवट : १२,२५० रुपये फायद्यात. वाईट नाही. पण थांबा, लगेच पेढे वाटू नका.

या सीझनचे खरे हायलाइट

कोणालाही विचारा, तो आठवा आणि दहावा आठवडा सांगेल. दोन षटकार, १०,१६० रुपये. माझ्या मते या सीझनमध्ये बघण्यासारख्या जागा वेगळ्याच आहेत.

एक, सातव्या आठवड्याची संध्याकाळ. तुम्ही ४,५०० रुपये खाली आहात. दीड महिना गेलाय. घरात बोलणी सुरू झालीत. राखीव रक्कम ४,००० असती तर तुम्ही इथेच शेड गुंडाळली असती, आणि पुढच्याच आठवड्यातला सगळ्यात मोठा षटकार शेजारच्या स्टॉलवाल्याने मारला असता. ८,००० राखीव होते म्हणून तुम्ही आठव्या आठवड्यात मैदानात होता. बहुतेक छोटे धंदे माल वाईट म्हणून बंद पडत नाहीत. चांगला आठवडा यायच्या आधी हातातले पैसे संपतात म्हणून पडतात. राखीव रकमेचं काम हेच.

दोन, षटकार काढून बघा. आठव्या आणि दहाव्या आठवड्यात ६ ऐवजी ३ पडला असता तर? १०,१६० च्या जागी १,६०० आले असते आणि सीझन ३,६९० वर संपला असता. म्हणजे चार महिन्यांची कमाई दोन शनिवार-रविवारांवर उभी आहे. त्या चार दिवसांत तुम्हाला ताप आला, गॅस संपला, किंवा भाच्याचं लग्न निघालं, तर सीझन गेला.

तीन, तुमचा स्वतःचा रोज. पंधरा आठवडे, तयारी धरून दोन-दोन दिवस, म्हणजे तुमचे ३० दिवस गेले. १२,२५० भागिले ३० म्हणजे ४०८ रुपये रोज. मदतनीसाला तुम्ही किती दिले? ५००! मालकाला मदतनीसापेक्षा ९२ रुपये कमी, आणि धोका सगळा मालकाचा. हा आकडा बघून भल्याभल्यांचा चेहरा उतरतो. तो कागदावर उतरलेलाच बरा.

चार, भांडवल वसूल झालं का? शेड, भांडी, ताडपत्री मिळून २८,००० गेले. एका सीझनला १२,२५० या हिशोबाने वसूल व्हायला दोन सीझन पूर्ण आणि तिसऱ्यातला थोडा भाग. "एका पावसाळ्यात पैसे डबल" म्हणणाऱ्याला हा कागद दाखवा.

मग स्टॉल टाकायचाच नाही का?

टाकायचा की. पण ड्रीम११ ने २०१२ साली केलं ते आपण स्टॉल टाकायच्या आधीच करू. खेळ तोच, नियम बदलू, आणि तोच सीझन पुन्हा खेळू.

*बदल पहिला : सोबत न्यायचा माल.* बसून खाणारा माणूस एक प्लेट भजी खाईल, जास्त काय खाणार? पण गाडीतून घरी काही नेऊ शकतो. नाचणीचे पापड, घरचा तांदूळ, कुळीथ पीठ, आदिवासी भगिनी आणतात त्या रानभाज्या. सगळे घेणार नाहीत. सरासरीत एका गिऱ्हाइकामागे हातात राहणारे पैसे ३३ चे ४० झाले असं धरू, फक्त ७ रुपये वाढ. आपल्या सीझनमध्ये एकूण गिऱ्हाइकं १,५५० होती. सात रुपयांनी गुणा : १०,८५०. सीझनचा शेवट १२,२५० वरून २३,१०० वर आला. तुमचा रोज ७७० झाला. फासा एकही बदलला नाही! गर्दी तुमच्या हातात नाही, पण एका गिऱ्हाइकामागे किती राहतात हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. शिवाय पापड आणि तांदूळ बंदीच्या आठवड्यात सडत नाहीत.

*बदल दुसरा : दुसरा दरवाजा.* २८,००० ची शेड आणि भांडी ऑक्टोबर ते मे काय करणार? आपल्या मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. गुरांचा मोठा बाजार, लांबून आलेले व्यापारी, थंडी, आणि प्रत्येकाला चहा हवा. तीच शेगडी तिथे चालते. गावातल्या हळदी, साखरपुड्याच्या छोट्या ऑर्डरी त्याच कढईत होतात. एक दरवाजा बंद झाला तर दुसरा किलकिला असावा.

*बदल तिसरा : परत यायचं कारण.* मुरबाडला रेल्वे नाही. माळशेजला येणारा माणूस बहुतेक स्वतःच्या गाडीने येतो, आणि अनेक जण दरवर्षी येतात. पापडाच्या पुडीवर तुमचा नंबर असू द्या. "ताई, घाट चालू आहे का?" असा फोन आला आणि तुम्ही खरं सांगितलंत, तर तो माणूस पुढच्या वर्षी थेट तुमच्याकडे थांबेल. घाट बंद असताना "या या, चालू आहे" म्हणालात तर तो कायमचा गेला.

शहापूरकरांनी फाशावरची नावं बदलायची

माळशेजचा फासा जसाच्या तसा शहापूरला चालणार नाही. जागा बदलली की धोका बदलतो.

माहुलीला येणारा ट्रेकर बऱ्याचदा लोकलने आसनगावला उतरतो. तेव्हा तुमच्या फाशावर '२' म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक. हा माणूस सकाळी घाईत असतो आणि दुपारी भुकेला असतो. म्हणजे तुमचा बाजार दुपारचा आहे. सकाळी पोहे, दुपारी पिठलं-भाकरी, आणि सामानाची पाठपिशवी आधीच जड असल्यामुळे तांदळाची पाच किलोची पिशवी इथे चालणार नाही.

मुंबई-नाशिक महामार्गावर टपरी टाकायची असेल तर '१' ला वेगळं नाव द्या. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. नागपूरहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीला आता दुसरा रस्ता आहे. तुमच्या जागेवर त्याचा परिणाम किती, हे अंदाजाने ठरवू नका. एक शनिवार, एक मंगळवार, दोन्ही दिवशी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास तिथे उभे राहून थांबणाऱ्या गाड्या मोजा. जाणाऱ्या नाही, थांबणाऱ्या. मग फाशावर आकडे लिहा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*"सर, फासा म्हणजे नशीब. धंदा काय नशिबावर करायचा?"*
धंदा नशिबावर करायचा नाही, म्हणूनच फासा टाकायचा. पाऊस, बंदी, गर्दी हे तुमच्या हातात नाही हे फासा दाखवून देतो. उरलेलं, म्हणजे मर्यादा, राखीव, भाव, माल, हे तुमच्या हातात आहे.

*"एकदा खेळलं की पुरे?"*
नाही. किमान दहा सीझन खेळा. दहापैकी किती वेळा राखीव रक्कम संपली ते मोजा. तीनदा किंवा जास्त वेळा संपली तर राखीव वाढवा, नाहीतर खर्च कमी करा. मांडणी न बदलता दुकान उघडू नका.

*"आकडे मनाने भरले तर चालतील?"*
मनाने भरलेले आकडे नेहमी गोड असतात. मागच्या वर्षी तिथे बसलेल्या दोन काकूंना विचारा. चहा घेऊन बसा, घाई करू नका. भाव बाजारात जाऊन लिहा.

*"परवानगीचं काय?"*
फासा टाकायच्याही आधी हे. जागा कोणाची आहे? खासगी मालकाची, ग्रामपंचायतीची, रस्त्याच्या हद्दीतली की वनखात्याची? खाद्यपदार्थ विकणार तर एफएसएसएआय नोंदणी लागते. या दोन गोष्टी नसतील तर फाशावर '१' फक्त एका बाजूला राहणार नाही, तो तीन बाजूंना लिहावा लागेल.

एक शेवटची गोष्ट, ब्लांडांची

ज्यांच्या ४२ फेकी झेलल्या गेल्या त्या जॉर्ज ब्लांडांना त्यांच्या जुन्या संघाने १९६७ साली सोडलं. ते ओकलंडला आले. १९७० साली, वयाच्या ४३ व्या वर्षी, ओळीने पाच सामन्यांत त्यांनी संघाला तारलं. चार विजय, एक बरोबरी. एकूण २६ सीझन खेळून मगच ते थांबले. लोक आजही त्या पाच सामन्यांची आठवण काढतात. पण ते पाच सामने त्यांच्या वाट्याला आले, कारण त्याआधीच्या वाईट सीझननंतरही ते मैदानात टिकून होते.

तुमच्या चाळीस हजारांचं काम तेच आहे : तुम्हाला सतराव्या आठवड्यापर्यंत मैदानात ठेवणं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमची मर्यादा लिहा. त्यातला पाचवा हिस्सा राखीव म्हणून बाजूला काढा.
२. एका गिऱ्हाइकामागे हातात किती राहतात ते काढा. त्यावरून ना नफा ना तोट्याचा आकडा काढा.
३. फाशाच्या सहा बाजूंना तुमच्या जागेची सहा नावं द्या. त्यातल्या निदान दोन वाईट असल्याच पाहिजेत.
४. दहा सीझन खेळा. प्रत्येक सीझनचा सगळ्यात खोल खड्डा आणि शेवटचा आकडा लिहा.
५. तुमचा रोज काढा. मदतनीसापेक्षा कमी असेल तर माल किंवा भाव बदला आणि पुन्हा खेळा.

घरच्यांना सोबत बसवा. फासा आईच्या हातात द्या, नाहीतर बायकोच्या, नवऱ्याच्या. दागिना गहाण ठेवायचा की नाही याचा वाद शब्दांनी मिटत नाही. दहा सीझनचा कागद समोर असला की दोघं एकाच आकड्याकडे बघून बोलतात.

पुढच्या भागात हीच वही घेऊन आपण बँकेत जाणार आहोत. कर्ज मागताना मॅनेजर काय विचारतात आणि त्यातलं किती या कागदावर आधीच आहे, ते बघू. तोपर्यंत फासा टाकत राहा, वहीत लिहीत राहा.

भेटूया!